काळ्या टाकीवरचं जाळं

मामांची मोटरसायकल काळी आहे, सहा वर्षं जुनी आहे आणि रोज पुसलेली आहे. गाडीच्या रंगाचं काम थोडंफार हाताळलेल्या माणसाला एवढ्यावरूनच दुखणं कळतं.

रोज सकाळी गाडी काढण्याआधी मामा सीटखालचं सुती फडकं काढतात, दोनदा झटकतात आणि टाकीवरून गोल गोल फिरवतात. मग दोन्ही साइड पॅनेल, पुढचं मडगार्ड, शेवटी मागची शेपटी. पाच मिनिटांचं काम, पण त्यात खंड नाही. गाडी सावलीत उभी असली की टाकीत आपलं तोंड दिसतं. उन्हात आणली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांची वर्तुळं उमटतात, एकात एक, थेट कोळ्याच्या जाळ्यासारखी. मग काळा रंग काळा दिसत नाही, राखाडी दिसतो.

"इतकी निगा राखली, तरी रंग मेलाच बघ," मामा म्हणाले. टाकी नव्याने रंगवून घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. कारखान्यात भट्टीत भाजून बसवलेला रंग एकदा खरवडला की तसाच परत मिळवणं अवघड असतं, म्हणून मी त्यांच्याकडून आधी दोन दिवस मागून घेतले. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण त्यात प्रत्यक्ष पॉलिशपेक्षा पॉलिशच्या आधीचा आणि नंतरचा भाग मोठा निघाला.

टॉर्च, नख आणि मापक

संध्याकाळी गाडी आत घेतली, दिवे मालवले आणि टाकीवर टॉर्च धरला. जाळं लगेच उभं राहिलं. मामांना म्हटलं, "आता वर्तुळांकडे बघत राहा," आणि टॉर्च हळूहळू बाजूला नेला. वर्तुळंही टॉर्चबरोबर सरकली. ज्या जागी मघाशी काहीच दिसत नव्हतं तिथे ती आली आणि आधीची जागा स्वच्छ दिसू लागली.

ही गोष्ट समजली की अर्धं काम समजतं. टाकीवर वर्तुळं नसतातच. असतात ते हजारो बारीक, सरळ-वाकडे, सगळ्या दिशांनी गेलेले चरे. त्यातले जे चरे प्रकाशाच्या ठिपक्याला आडवे पडतात तेवढेच चमकून डोळ्यांत येतात, बाकीचे अंधारात राहतात. आडव्या पडलेल्या चऱ्यांची नुसती रांग ठिपक्याभोवती गोल दिसते. म्हणून 'मी गोल पुसलं म्हणून गोल चरे पडले' हे खरं नाही आणि 'सरळ पुसलं तर पडणार नाहीत' हेही खरं नाही. सरळ पुसलं तरी चरे पडतातच.

चरे पडतात धुळीमुळे. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोहच्या मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे आणि खिडकीची काच साधारण ५.५ वर. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो काचेपेक्षाही खूप मऊ असतो. कोरड्या टाकीवर धूळ बसलेली असताना फडकं फिरवलं की ते कण फडक्याच्या धाग्यांत अडकतात आणि दाबाखाली ओढले जातात. फडकं झटकल्यावर मोठे कण पडतात, बारीक तसेच राहतात. रोज एकदा असं सहा वर्षं धरलं तर दोन हजारांवर वेळा ही टाकी अतिशय बारीक सँडपेपरने घासली गेली होती. मामांना हे त्या दिवशी या शब्दांत सांगितलं नाही. टॉर्चच्या उजेडात त्यांचा चेहरा बघून तो विषय दुसऱ्या दिवसावर टाकला.

मग नखाची चाचणी. नख चऱ्यावरून आडवं, अगदी हलक्या हाताने न्यायचं. अडकलं तर चरा खोल आहे आणि पॉलिशने तो पूर्ण घालवायच्या नादात क्लिअर कोटच संपू शकतो. टाकीच्या वरच्या भागात नख कुठेच अडकलं नाही. मागच्या बाजूला, सीटजवळ, जिथे जॅकेटची झिप घासते तिथे तीन-चार चऱ्यांवर नख अडकलं. किल्लीच्या खाचेजवळ एक कमानदार चरा होता, किल्लीच्या जुडग्याने पाडलेला. ते सगळे चरे एका कागदावर मांडून घेतले आणि वर लिहिलं: हे राहणार.

क्लिअर कोट आहे की नाही हेही बघून घ्यावं लागतं. पांढऱ्या कापडावर पॉलिशचा थेंब घेऊन सीटखालच्या झाकल्या जागी हलकं घासलं. कापड पांढरंच राहिलं, म्हणजे वर पारदर्शक थर आहे. काळं झालं असतं तर रंग एकाच थराचा आहे असं समजून बेत बदलावा लागला असता. मॅट रंग असता तर मी गाडीला हातच लावला नसता. मॅट पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो, तो घासला की चकाकणारे डाग पडतात आणि ते परत मॅट करता येत नाहीत.

एका मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं मापक आणलं. टाकी लोखंडी पत्र्याची, त्यामुळे त्यावर आकडे मिळाले: सपाट भागात ११० ते १२५ मायक्रॉन, दोन्ही बाजूंना जी उठावदार कड आहे तिच्यावर ८५ च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरतात, त्यावरून अंदाज यावा. हा आकडा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग आणि क्लिअर कोट मिळून असतो. त्यातला क्लिअर कोट सर्वसाधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉन, आणि हे मापक थर वेगळे करून सांगत नाही. साइड पॅनेल आणि शेपटी प्लॅस्टिकची होती. तिथे हे मापक मुकंच राहतं, कारण त्याला खाली धातू लागतो. ज्या भागांवर आकडा मिळत नाही तिथे हात आणखी आखडता ठेवायचा, असं ठरवलं.

कडेवरच्या ८५ कडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं. ओला रंग धारदार कडेवरून बाजूला ओघळतो, म्हणून कडेवर थर मुळातच पातळ बसतो. पुन्हा पॅड कडेवर आलं की सगळा दाब एका रेषेवर येतो. रंग जळाल्याच्या, खालचा प्रायमर उघडा पडल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात त्या बहुतेक कडांच्याच असतात.

धुतल्यावर गाडी आणखी वाईट दिसली

सकाळी सावलीत, इंजिन पूर्ण गार असताना गाडी धुतली. आधी नुसतं पाणी, हात न लावता, भरपूर. जेवढी धूळ पाण्याने जाईल तेवढी पाण्यानेच जाऊ द्यायची. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनेल वरून खाली पुसायचं, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच परत शाम्पूत. चाकं, साखळी, इंजिनाचा खालचा भाग यांना वेगळा मोजा आणि तेही सगळ्यात शेवटी. वंगणात मिसळलेली घाण टाकीवर आली तर आपणच नवे चरे पाडतो.

जुना वॅक्स उतरवायचा होता, म्हणून या एका वेळेपुरता शाम्पू जरा कडक वापरला. वाळवताना घासलं नाही. मोठा मायक्रोफायबर टॉवेल टाकीवर पसरून वरून हलकं थोपटलं, पाणी त्याने ओढून घेतलं.

मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून टाकीवरून हात फिरवला. ही युक्ती कुणी शिकवल्याशिवाय सुचत नाही. उघड्या बोटांना जी खरखर कळत नाही ती पिशवीतून स्पष्ट लागते. टाकीचा पुढचा भाग आणि मडगार्डचं टोक खरखरीत लागलं, बाकी गुळगुळीत. तेवढ्याच जागी भरपूर शाम्पूपाणी मारून क्ले बार, म्हणजे मळलेल्या मातीसारखा मऊ, चिकट तुकडा, फिरवला, वजन न देता. क्ले रंगात रुतलेले कण उपटून काढतो, पण तोही काळ्या रंगावर बारीक खुणा सोडू शकतो, म्हणून जिथे गरज नाही तिथे फिरवला नाही. एकदा तो हातातून सुटून जमिनीवर पडला. पडलेला तुकडा धुऊनही खात्रीचा राहत नाही. टाकून दिला, नवा घेतला.

शेवटी पाण्यात साधारण १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून टाकी पुसून घेतली, म्हणजे तेल-वॅक्सचा अंश राहू नये. टॉर्च लावला आणि मामांनी माझ्याकडे बघितलं.

"अरे, हे तर आधीपेक्षा जास्त झालंय."

खरंच जास्त दिसत होतं. जाळं दाट झालं होतं आणि त्याखाली आणखी एक गोष्ट वर आली होती: टाकीच्या लांबीने गेलेले, इंद्रधनुष्यासारखे वळणदार, धुरकट पट्टे. हे फडक्याने पडत नाहीत. एकाच दिशेने फिरणाऱ्या रोटरी मशीनवर खरखरीत पॅड आणि रबिंग कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं भरड पॉलिश, लावून घाईत काम केलं, वर बारीक पॉलिशचा हात दिला नाही, की असे पट्टे राहतात. मामांना विचारलं, तेव्हा कळलं की वर्षातून एकदा ते गाडी एका ठिकाणी 'पॉलिश' करायला द्यायचे. गाडी झगझगीत होऊन यायची आणि दीड-दोन महिन्यांत जाळं परत दिसायचं. मामा समजत होते की नवे चरे पडले.

चरे नवे नव्हते. त्या चमकवणाऱ्या पदार्थांत तेलं आणि भरणारे घटक असतात, ते चऱ्यांत जाऊन बसतात. चरा भरला की प्रकाश विखुरत नाही, टाकी गुळगुळीत वाटते. पाऊस, शाम्पू, उन्हाची धग यांनी ते भरण निघून गेलं की खालचा चरा होता तसा. दरवर्षी कंपाउंडने थोडा क्लिअर कोट जात होता, थोडे नवे पट्टे पडत होते आणि त्यावर भरणाचं पांघरूण बसत होतं. मी अल्कोहोलने ते पांघरूण ओढून काढलं, एवढंच.

मी हे इतकं लांबवून सांगतोय, कारण पॉलिशच्या कामात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, करणाऱ्याचीही. भरण न उतरवता काम केलं तर चरा निघाला की झाकला गेला हे त्याला स्वतःलाच कळत नाही. मामांना दोन्ही गोष्टी दाखवल्या: अल्कोहोलने पुसलेली टाकी आणि साइड पॅनेलचा अजून न पुसलेला भाग. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दरवर्षी मी स्वतःच नेऊन दिली."

एक चौकोन

लगेच मशीन हातात घेतलं नाही. टाकीच्या उजव्या बाजूला मास्किंग टेपने वीतभर लांबी-रुंदीचा चौकोन आखला. आधी या चौकोनात सगळ्यात सौम्य जोडी वापरून बघायची: मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. त्याने भागलं तर त्याच्या पुढे जायचं नाही.

चरा म्हणजे खाच. ती घालवायची तर आजूबाजूचा पृष्ठभाग खाचेच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, निदान खाचेच्या तीक्ष्ण कडा गोलाव्या लागतात. पॉलिशमधले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण हेच करतात, क्लिअर कोट अगदी थोडा थोडा कातरतात. कित्येक पॉलिशांत हे कण घासता घासता आणखी बारीक होत जातात, म्हणून सुरुवातीला ते कापतात आणि शेवटी चमक आणतात. वॅक्स यातलं काहीच करत नाही, तो नुसता वर बसतो. 'वॅक्सने चरे जातात' असं कुणी सांगितलं तर तो झाकण्याबद्दल बोलतोय असं समजावं.

चौकोनात आधी हातानेच केलं. फोमच्या छोट्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन थेंब, आधी हलकेच पसरवलं, मग मध्यम दाबाने उभं आणि आडवं. दोन मिनिटांनी पुसलं, अल्कोहोल मारलं, टॉर्च लावला. हलकं जाळं विरळ झालं होतं, पट्टे जसेच्या तसे होते. मग मशीन. हे मशीन ड्युअल अॅक्शन प्रकारचं: पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी हेलकावतंही, जास्त दाब दिला की फिरायचं थांबतं. रोटरीपेक्षा संथ, पण ज्याचा हात रोज यात नाही त्याच्यासाठी हेच बरं. ७५ मिलिमीटरचं छोटं पॅड लावलं, कारण मोटरसायकलवर सपाट जागा फार कमी. तेच बारीक पॉलिश, तेच मऊ पॅड. पट्टे फिके झाले, गेले नाहीत.

इथे दोन वाटा होत्या: पॉलिश जास्त कापणारं घ्यायचं किंवा पॅड थोडं कडक. मी पॅड बदललं, पॉलिश तेच ठेवलं. माझा अनुभव असा की पॅड बदलून मिळणारा फरक आवाक्यात राहतो, पॉलिशची पायरी चढलो की परत खाली उतरायला आणखी एक फेरी लागते. मध्यम पॅडने पट्टे गेले. जाळ्यातलं बहुतेक गेलं. चौकोनात पाच-सहा एकटे, जरा खोल चरे उरले. टेप काढला, तेव्हा चौकोनाच्या आत काळा रंग आणि बाहेर राखाडी, मध्ये पट्टीने ओढल्यासारखी रेघ. मामांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही.

"हे उरलेले?" त्यांनी विचारलं.

"राहू देऊ या. हे काढायला आणखी चार फेऱ्या लागतील. तेवढा थर आत्ता उडवला, तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा पॉलिश करायची वेळ आली की कापायला काही उरणार नाही."

क्लिअर कोटमध्येच उन्हातले अतिनील किरण अडवणारे घटक असतात. तो पातळ झाला की आज चमक दिसते आणि काही वर्षांनी रंग विटतो, सालं सुटतात. मामांना हा हिशेब पटला. खरं सांगायचं तर मलाच त्या चऱ्यांवरून हात काढणं जड गेलं. टॉर्च हातात असला की माणसाला प्रत्येक चरा दिसतो आणि प्रत्येक चरा काढावासा वाटतो.

टाकी, आणि पॅनेलवरची चूक

मशीन लावण्याआधी अर्धा तास टेप लावण्यात गेला. उठावदार कडा, स्टिकरच्या कडा, टाकीचं झाकण, किल्लीची खाच, सीटची शिवण, दाणेदार काळं प्लॅस्टिक, सगळं झाकलं. या टाकीवरचं नाव क्लिअर कोटच्या खाली होतं, पण साइड पॅनेलवरचे पट्टे वरून चिकटवलेले. त्यांची कड पॅडला लागली तर उचकटते. ब्रेकच्या डिस्क पिशव्यांनी बांधून घेतल्या. पॉलिशचा किंवा वॅक्सचा शिंतोडा डिस्कवर गेला तर ब्रेक नीट लागणार नाही, त्यात हयगय नको. झाकण घट्ट बंद आहे, पेट्रोल कुठे सांडलेलं नाही, वासही येत नाही, जागा हवेशीर आहे हेही बघितलं. विजेच्या मोटरमध्ये ठिणग्या पडू शकतात आणि आपण पेट्रोलच्या टाकीवर काम करतोय हे विसरून चालत नाही.

पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करने एक जाड रेघ मारली. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब जास्त झाला किंवा पॅड वळणावर तिरकं बसलं. टाकीला सगळीकडे वळणं असल्यामुळे या एका रेघेने मला वीस वेळा तरी सावरलं.

टाकी चार भागांत वाटली. पॅड आधी टाकीवर टेकवायचं आणि मगच मशीन चालू करायचं, नाहीतर पॉलिश चहूकडे उडतं. सगळ्यात कमी वेगावर पसरवायचं, मग सहापैकी चारवर आणून सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथपणे सरकवायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत. उभे पट्टे झाले की आडवे, अशा चार फेऱ्या. मध्येच उलट्या तळव्याने तपासायचं: कोमट चालेल, चटका नको. एका भागानंतर पॅड कडक ब्रशने घासून साफ करायचं, दोन भागांनंतर बदलायचं. कडांजवळ मशीन नेलंच नाही. तिथला टेप काढून बोटाभोवती कापड गुंडाळून, बारीक पॉलिशने, मोजून आठ-दहा हात.

टाकी छान झाली. मापक पुन्हा लावलं. सपाट भागात फरक एक-दोन मायक्रॉनचा आला, आणि एवढा फरक तर मापकाच्या स्वतःच्या चुकीतही असू शकतो. म्हणजे फार काही गमावलं नव्हतं.

डाव्या साइड पॅनेलवर मात्र माझा हात चुकला. टाकी चांगली झाल्यावर मी वेग धरला, तेच पॅड साफ न करता पॅनेलवर नेलं आणि टाकीइतक्याच चार फेऱ्या मारल्या. प्लॅस्टिक उष्णता पत्र्यासारखी पसरवत नाही, ती जागच्या जागी साठते. तिसऱ्या फेरीतच पॉलिश सुकून पावडर झालं. पुसलं तेव्हा पॅनेलवर बारीक धुकं चढलेलं, जुनं जाळं गेलेलं पण त्या जागी दुधाळ झाक. हात लावला तर पॅनेल चांगलंच तापलेलं. मशीन बंद करून ठेवलं आणि पाऊण तास पॅनेल गार होऊ दिलं. मग नवं मऊ पॅड, ताजं पॉलिश, अगदी कमी दाब, दोनच फेऱ्या. धुकं गेलं. उजवं पॅनेल आणि शेपटी मग या दोन फेऱ्यांच्या हिशेबानेच केली, आणि शेपटीवर थोडं जाळं मुद्दाम राहू दिलं.

वॅक्स आणि फडकं

दुसऱ्या दिवशी वॅक्स. संपूर्ण गाडी पुन्हा अल्कोहोलने पुसली, कारण पॉलिशचं तेल राहिलं तर वॅक्स नीट धरत नाही.

इथे एक निर्णय होता. वॅक्सऐवजी कृत्रिम सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच वर बसणारा संरक्षक थर, लावला असता तर तो कित्येक महिने टिकला असता. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतो, नैसर्गिक वॅक्सांमध्ये अतिशय कठीण, साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारा. काळ्या रंगावर तो खोल दिसतो, पण मोटरसायकलच्या टाकीवर, खाली इंजिनाची धग आणि वर ऊन, तो काही आठवड्यांतच ओसरू लागतो. टिकाऊपणा बघितला तर सीलंट सरस. मी कार्नौबा निवडला, आणि तो मामांच्या हातांसाठी निवडला.

कारण मूळ दुखणं अजून तसंच होतं. सीटखाली फडकं होतं. टाकी आरशासारखी झाली तरी उद्या सकाळी सव्वासातला मामा ते फडकं झटकून गोल फिरवणार होते. मी नुसतं "पुसू नका" म्हणून निघून गेलो असतो, तर वर्षभरात जाळं परत आलं असतं. सहा वर्षं रोज गाडीला हात लावणाऱ्या माणसाला हात काढून घे असं सांगता येत नाही, त्या हातांना दुसरं काम द्यावं लागतं. दर महिन्याला नीट धुऊन वॅक्स लावायचा, हे काम मी त्यांच्याकडे सोपवलं. महिन्याने उतरणारा वॅक्स त्यासाठीच हवा होता.

ते फडकं मी टॉर्चखाली उलगडून दाखवलं. घडीच्या आत, धाग्यांच्या फटींत, चमकणारे कण होते. मामांनी त्यावर अंगठा दाबून चोळला आणि त्यांना ती करकर जाणवली. समजवायला मला दुसरं काही बोलावं लागलं नाही.

वॅक्स त्यांनीच लावला. मी फक्त बाजूला उभा होतो. "जास्त घेऊ नका. टाकीवर दिसायला लागला म्हणजे जास्त झाला." जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसायला मात्र त्रास होतो, आणि पुसायला जोर लावला की पुन्हा चरे. दाणेदार काळ्या प्लॅस्टिकला वॅक्स लागला तर पांढरा डाग धरून बसतो, म्हणून तिथला टेप अजून काढला नव्हता. सीट, टायर, मुठी आणि पायदान यांना वॅक्स कधीही नाही, तिथे घसरण म्हणजे अपघात. थोड्या वेळाने बोट फिरवून बघितलं. बोटाखाली स्वच्छ पट्टा निघाला, लपका आला नाही, म्हणजे वाळला. मग घडी घातलेल्या मऊ मायक्रोफायबरने, घडी पालटत, मामांनी तो पुसून काढला. हात त्यांचा मुळात हलकाच आहे. चुकीचं होतं ते फडकं.

रोजच्या धुळीचं काय, हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. उत्तर त्यांना आवडलं नाही: धूळ राहू द्या. बसलेली धूळ रंगाला काही करत नाही, ओढलेली धूळ करते. अगदी राहवलं नाही तर आधी पाणी ओता, मग ओल्या अंगावर थोपटा. पक्ष्याची विष्ठा आणि पेट्रोलचे थेंब मात्र थांबू द्यायचे नाहीत, पहिली रंग खाते, दुसरं वॅक्स विरघळवतं. कव्हर घालू का, असंही त्यांनी विचारलं. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि फडक्याचंच काम करतं, म्हणून कव्हर धुतलेल्या गाडीवरच. मायक्रोफायबर वेगळं धुवायचं, कपडे मऊ करणारं द्रावण त्यात घालायचं नाही, कारण त्याने धागे बुळबुळीत होऊन पाणी ओढेनासे होतात.

तीन महिन्यांनी

तीन महिन्यांनी पुन्हा दिवे मालवून टॉर्च लावला. मामांनी तीन वेळा वॅक्स लावला होता, तारखा एका वहीत लिहिलेल्या. टाकीचा वरचा भाग जवळपास तसाच, मोजके नवे चरे, टॉर्चशिवाय न दिसणारे. झिपेचे जुने चरे जागच्या जागी. उजव्या पॅनेलवर काही नाही.

टाकीच्या झाकणाच्या मागे मात्र हाताच्या पंजाएवढ्या जागेत ताजं, दाट जाळं होतं. बाकी सगळं स्वच्छ आणि तेवढाच ठिपका राखाडी. दोघांनाही आधी उलगडा होईना. मग मामांनीच विचार करून सांगितलं: पेट्रोल भरताना थेंब सांडतो, तो पटकन पुसायचा म्हणून ते खिशातला रुमाल काढतात. पेट्रोलने तिथला वॅक्स उतरत होता आणि रुमाल उघड्या क्लिअर कोटवर फिरत होता.

त्या ठिपक्यावर मी पॉलिश केलं नाही. टाकीच्या चिंचोळ्या भागात, झाकणाच्या कडेला लागून ती जागा होती, आणि मापक तिथे ९२ दाखवत होतं. तेवढ्या भागात वॅक्सचा एक हात मामांनी दिला. एक छोटं मायक्रोफायबर बंद होणाऱ्या पिशवीत घालून ते सीटखाली ठेवलं, जिथे आधी फडकं असायचं, आणि वहीत त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिलं: रुमाल नाही.